ताट एक, सुई वेगळी

रक्तपेढीचं पत्र घरी आलं तेव्हा मला वाटलं, आपला सत्कार आहे.

आमच्या वस्तीत दर जयंतीला रक्तदानाचं शिबिर असतं. मी त्या वर्षापर्यंत कधी रक्त दिलं नव्हतं. आमच्या आखाड्याच्या वस्तादांचं म्हणणं असं, की पैलवानानं घाम द्यावा, रक्त देऊ नये, ताकद उतरते. वस्तीतली पोरं मात्र दरवर्षी माझी मजा घ्यायची. "एवढा हत्तीएवढा देह अन् सुईले भेते!" त्या वर्षी मी चिडलो आणि जाऊन आडवा झालो खाटेवर. पुढच्या महिन्यात पत्र आलं, ‘आपण समक्ष येऊन भेटावे.’ मी इस्त्रीचा शर्ट घातला, बायकोला, म्हणजे सुनंदाला सांगितलं की येताना प्रशस्तिपत्राला फ्रेम करूनच आणतो, आणि कळंबहून एसटीनं यवतमाळला गेलो.

तिथल्या डॉक्टरबाई माझ्याहून वयानं लहान होत्या. मी आत गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. सत्काराला दार कशाला लोटतात, हेही माझ्या डोक्यात आलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. आपल्याकडं याला पांढरी कावीळ म्हणतात."

मी म्हटलं, "मॅडम, मी त काळाठिक्कर आहो. ना पिवळा, ना पांढरा."

त्या हसल्या, मग एकदम हसायच्या थांबल्या. हा रोग रक्तातून रक्तात जातो, यकृताला लागतो, कित्येक वर्षं गुपचूप बसून राहतो, असं त्यांनी सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. ऑपरेशन झालंय का? नाही. कधी रक्त चढवलंय का? नाही. दाढी कुठं करता? घरी. गोंदवून घेतलंय का? नाही. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला त्यांची नजर माझ्या कानांवर गेली.

"कान असे कशानं झाले?"

"कुस्तीनं. पैलवानाचे असेच राहते."

"मग त्यात रक्त साचत असेल. ते कोण काढतं?"

"मीच काढतो," मी छाती पुढं काढून सांगितलं. "आखाड्यात सगळ्यायचं मीच काढतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी का ठेवलं ते मला त्या सुईबद्दल विचारू लागल्यावर कळलं. तोवर मी खरोखर समजत होतो की माझं कौतुक होणार आहे.

कान

ज्यांनी कुस्ती लांबूनच पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डोकं डोक्याला घासून, मानेवर हाताचे रट्टे बसून पैलवानाचा कान आतून फाटतो. त्यात रक्त साचतं आणि कान भज्यासारखा फुगतो. वेळेवर काढलं नाही तर ते तिथंच गोठून कडक होतं. तरी कान मोडणं हा आमच्याकडं मान असतो. लग्नाच्या पंगतीत माणसं आधी कान पाहतात, मग नाव विचारतात.

मी गुरांच्या दवाखान्यात रोजंदारीवर मदतनीस होतो. बैलाला, गाईला सुई टोचताना पाहून पाहून माझा हात बसला होता. तिथं टवका उडालेली एक काचेची सिरिंज फेकून देणार होते. ती मी आखाड्यात आणली, सोबत एक सुई. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात घालून ती मारुतीच्या तसबिरीखालच्या कोनाड्यात राहायची. कोणाचा कान भरला की मी त्याला ओट्यावर बसवायचो, रक्त ओढायचो, स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसायचो आणि म्हणायचो, "चाल, दुसरा." स्पिरिटचा वास आला की आम्हाला वाटायचं, झालं साफ. दवाखान्यात गुरांसाठी सुई उकळायचो मी. आखाड्यात माणसांसाठी पुसायचो. असं का, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

माझा कान भरला की तो काढायचा परसराम. परसराम माझी जोड, म्हणजे रोज ज्याच्याशी लढायचं तो. जवळच्या तांड्यावरचा. अकरा वर्षं आम्ही एकाच मातीत लोळलो. त्याला सुई धरायला मीच शिकवलं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या आखाड्यात कोणाचं काहीही वेगळं नव्हतं, आणि ते चुकून नव्हे. वस्तादांनी तो नियमच केला होता. वस्ताद शेतकरी घरचे, आम्ही बौद्ध वस्तीतले. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्या लहानपणी कुस्त्यांची दंगल पाहायला गेल्यावर वरून ओंजळीत पाणी ओतत. वस्तादांनी स्वतःचा आखाडा काढला तेव्हा पहिल्याच दिवशी एक माठ आणि एक गिलास ठेवला. "इथं कोनाचं काई वेगळं राह्यणार नाई. ज्याले वेगळं पाह्यजे त्यानं दुसरं गाव पाहावं," असं ते सगळ्यांसमोर बोलले. म्हणून तर आबांनी मला दुसरीकडं न घालता तिथं घातलं. मी मारुतीला हात जोडत नसे, त्याबद्दलही वस्तादांनी कधी विचारलं नाही. तिथं माठ एक, गिलास एक, अंग पुसायचा पंचा एक. मग सुई तरी दुसरी कशी येणार?

एकदा एका गुरुजींचा पोरगा नवीनच आला होता. त्याचा कान भरला तेव्हा त्यानं खिशातून पुडीतली कोरी सुई काढली. बापानं दिली होती. परसराम म्हणाला, "काहून रे, आमच्या रक्ताचा इटाळ होते काय तुले?" सगळे हसले. पोरगा लाजला आणि सुई परत खिशात घातली. मी डब्यातल्या सुईनं त्याचा कान काढला. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्याकडं दंगली कापूस निघाल्यावर, गावाच्या वर्गणीतून व्हायच्या. गावंच उदास झाली तिथं दंगल कोण भरवणार? मग पाच-सहा गावांचे पैलवान नुसते लढायला म्हणून आमच्या आखाड्यात यायला लागले. त्या दोन हिवाळ्यांत मी जेवढे कान काढले, तेवढे आधीच्या सगळ्या वर्षांत काढले नसतील.

तीन आठवडे

हा भाग लिहू की नको, असं पुष्कळ दिवस चाललं होतं. लिहितो.

डॉक्टरबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "ज्यांना ज्यांना त्या सुईनं टोचलंय त्या सगळ्यांना तपासायला आणा." मी मान हलवली आणि घरी येऊन गप्प बसलो. तीन आठवडे. आखाड्यात जात राहिलो. कान काढायला मात्र नकार दिला, म्हटलं हात थरथरतो. परसराम म्हणाला, "मंग आण, मी काढतो." आणि त्यानं तोच डबा उघडला, तीच सुई घेतली. मी दोन हात अंतरावर उभा होतो. बोललो नाही.

का बोललो नाही? एक तर मला लाज वाटली. दुसरं, मला वाटलं की बाईंचंच काही चुकलं असेल, मी तर शंभर बैठका मारतोय. तिसरं कारण खरं आहे. त्या आखाड्यात जाऊन ‘सुई वेगळी करा’ हे म्हणायचं कोणी? मी? ज्या वस्तीतल्या माणसासाठी वस्तादांनी गिलास एक केला, त्या वस्तीतल्यानं?

घरी सुनंदाला एवढंच सांगितलं, की कावीळ आहे म्हणे, पण पांढरी. तिनं शेजारणीला विचारलं. शेजारणीनं ‘पांढरी’ एवढंच ऐकलं आणि वस्तीत बातमी झाली की मला कोड फुटलं. दोन बाया तर मुद्दाम येऊन माझे हातपाय निरखून गेल्या. मीही आरशात पाहायला लागलो. कावीळ असून पिवळं नाही, पांढरी असून डाग नाही, आजार असून दुखत नाही. मग आजार आहे कुठं?

तो पावसाळ्यात दिसला. आधी भाकरीचा वास नकोसा झाला, मग जिना चढताना जीव जायला लागला, मग डोळे हळदीसारखे पिवळे. आता सगळ्यांना ओळखीची कावीळ मिळाली, त्यामुळं सल्ल्यांचा पूर आला. राजूरकडं एक माणूस पाला देतो म्हणून मेव्हण्यानं नेलं. त्यानं पाला पाजला आणि डोक्यावर मुळ्यांची माळ घातली. माळ वाढत वाढत खाली उतरली की कावीळ उतरली समजायचं. माळ उतरून छातीवर आली, मी उलट्या करून खाटेवर आलो. सहाव्या दिवशी सुनंदानं कोणाला न विचारता ऑटो बोलावला आणि मला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. पाल्याचे ते दिवस मी फुकट घालवले. तुम्ही घालवू नका.

वॉर्ड

अठरा दिवस होतो. सकाळी साडेपाचला फरशी पुसायची बादली खाटेला आपटायची, की उठायचं. मग रक्त, मग राऊंड, मग पातळ डाळ आणि भात. सगळ्यात वाईट म्हणजे खाज. अंगभर खाज, आणि खाजवायची ताकद नाही. ज्या हातांनी मी माणसं उचलून आपटली त्यांना तांब्या उचलवत नव्हता. मला मरणाची भीती वाटली. पैलवानाला ती वाटत नाही म्हणतात, ते खोटं आहे. मी पांघरुणात तोंड घालून रडायचो आणि शेजारच्या खाटेवरचे म्हातारबा मुद्दाम जोरात खोकायचे, म्हणजे माझा आवाज दुसऱ्यांना जाऊ नये.

एक वयस्क सिस्टर होत्या. रक्त घ्यायला आल्या की दरवेळी पुडी माझ्या डोळ्यांसमोर फाडायच्या. "पहा बरं, नवी आहे." टोचून झाली की सुई तिथंच मोडून डब्यात टाकायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, केवढी ही नासाडी! चौथ्या-पाचव्या वेळी मी मान फिरवली. सिस्टरना वाटलं मी सुईला घाबरतो. "एवढे पैलवान अन् भेता?" त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

ताट

घरी आलो त्या दिवशी सुनंदानं माझ्यासाठी नवीन ताट काढलं. ओळखू यावं म्हणून काठाला लाल धागा बांधला होता. ताट समोर आलं आणि आबा जेवता जेवता थांबले.

आबा नऊ-दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचं बोट धरून दीक्षेला नागपूरला गेले होते. घरात ते फार बोलत नाहीत.

"हा धागा कायचा हाय?"

सुनंदानं सांगितलं.

"मी वेगळं ताट पाह्यलं हाय, बाई," आबा म्हणाले. "वेगळा गिलासही पाह्यला. त्याच्यासाठी माह्या बापानं गाव सोडलं, देव सोडले. माह्या घरात वेगळं ताट लागणार नाई."

सुनंदा रडायला लागली. "मले काय शौक हाय का, आबा? दोन लेकरं हायेत घरात. डॉक्टर म्हणते वेगळं ठेवा."

"काय वेगळं ठेवा म्हणते?"

हे कोणालाच धड माहीत नव्हतं. ‘वेगळं ठेवा’ एवढं कानात राहिलं होतं, काय ते राहिलं नव्हतं. आबांनी माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडली, माझ्याच वाटीत बुडवली आणि खाल्ली. सुनंदा त्यांचा हात धरायला धावली. मी मध्ये बसलेला. मला आबाही बरोबर वाटत होते आणि सुनंदाही, आणि आता आबांना काही झालं तर, या विचारानं मी ताट मागं सरकवलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळेच डॉक्टरबाईंकडं गेलो, आबासुद्धा. आबांनी विचारलं, "मॅडम, ताट का सुई, एकदा सांगून टाका."

बाई म्हणाल्या, "ताट एकच ठेवा. गिलास, माठ, अंथरूण, लेकरांना जवळ घेणं, कशालाच हरकत नाही. वेगळी ठेवायची ती सुई, ब्लेड, दात घासायचा ब्रश. जिथं रक्त लागतं ते." सुनंदाचं आणि पोरांचं रक्त तपासलं. निर्मळ निघालं. त्यांना लशीची तीन इंजेक्शनं ठरली. सुनंदानं तिथंच बाकावर बसून डोळे पुसले, आणि घरी आल्यावर लाल धागा कात्रीनं न कापता दातानं तोडला.

आबा परतीच्या एसटीत मला म्हणाले, "वेगळं करणं हे दरवेळी वाईटच असते असं मी समजत होतो." मग थोड्या वेळानं, "तू आखाड्यात सांगतलं का नाई?"

आखाडा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. जोर चालू होते. मी वस्तादांना बाजूला घेणार होतो, पण बाजूला घेतलं तर पुन्हा माघार घेईन म्हणून सगळ्यांसमोरच बोललो. रोगाचं नाव, सुईचं सांगितलं. इतके दिवस गप्प बसलो तेही सांगितलं.

वस्तादांचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या मातीत रोग हाय म्हणतं?"

"मातीत नाही, वस्ताद. सुईत. अन् तोंड फुटलं, रक्त आलं, तरी आपण माती लावून लढतो, ते बी बंद करा लागते."

"वेगळं करा म्हणून सांगाले आला तू?" ते म्हणाले. "दुसरा कोनी आला असता त मी हाकलून देल्लं असतं. तू?"

हेच मी ऐकणार हे मला माहीत होतं. म्हटलं, "गिलास एकच राहू द्या, वस्ताद. त्याच गिलासानं मले आत्ता पाणी द्या. पण सुई वेगळी करा."

वस्तादांनी स्वतः उठून माठातलं पाणी त्याच गिलासात भरून मला दिलं, मी प्यायल्यावर उरलेलं स्वतः प्यायले. नंतर कोनाड्यातला डबा काढून पाहिला, आणि सदरा घालत म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं सगळे यवतमाळले. पहिलं रक्त माह्यं काढतीन." सत्तरीच्या माणसाचे दोन्ही कान चाळीस वर्षांपूर्वीच मोडलेले. पण ते रांगेत पहिले उभे राहिले.

वस्ताद निर्मळ निघाले. बाकी चौदा जणांत दोघांना निघाला. एक शेजारच्या गावचा, आणि एक परसराम.

गुरुजींच्या पोराला मी दोन पत्रं लिहिली. त्यांची बदली झाली होती. उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं की नाही, पोहोचून तपासलं की नाही, मला माहीत नाही. मला लोक म्हणतात, आता किती दिवस तेच धरून बसतो. मी धरून बसत नाही, तेच मला धरून बसतं.

तुम्हाला हा आजार निघाला असेल तर दोनच गोष्टी सांगतो. पाल्याच्या नादी लागू नका. आणि लाज वाटली तरी ज्यांचं रक्त तुमच्या रक्ताला लागलं असेल त्यांना त्याच दिवशी सांगा. माझं यकृत आता बरं चाललंय, पण तो रक्तातून गेलेला नाही. दर सहा महिन्यांनी तपासावं लागतं. मी लढत नाही. आता नव्या पोरांना उभं राहायचं कसं ते शिकवतो, आणि कोणाचा कान भरला की त्याला दवाखान्यात घेऊन जातो.

परसरामला निकाल कळला त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर त्याचे पाय धरले. म्हटलं, "मी तुले देल्लं. मले माफ कर."

त्यानं मला काखेत धरून उचललं. "तुह्ये कान कोन काढे बे? मीच ना? मंग मीच तुले देल्लं असन."

"नाही. सुई माही होती."

"हात माह्ये होते."

आम्ही डॉक्टरबाईंकडं गेलो. आता यांनीच निवाडा करावा म्हणून. त्या म्हणाल्या, कोणाला आधी झाला हे आता कुठल्याच तपासणीत कळणार नाही. आम्ही दोघांनीही पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

आता दर सहा महिन्यांनी आम्ही सोबतच जातो. तिथला रक्त घेणारा माणूस नवीन पुडी फाडतो आणि खाली पाहतच, सवयीनं विचारतो, "पहिला कोण?"

आम्ही एकमेकांकडं पाहतो. परसराम बाही वर करून हात पुढं करतो. "मी," तो म्हणतो. "पहिला मीच होतो, साहेब. असं लिहा."

आणि मी त्याचा हात ढकलून माझा पुढं करतो.